गोव्यात क्रूझवरून उतरून एअरपोर्टला जायची गाडी कशी ठरवायची, बेळगावकरांसाठी सगळं सविस्तर

मुंबईहून क्रूझ धरायची आणि गोव्यात उतरायचं हे आता आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांतही चांगलंच चालू झालंय. जहाजाचं बुकिंग दोन-दोन महिने आधी होतं, केबिन खिडकीची घ्यायची की बाल्कनीची यावर घरात आठ दिवस चर्चा होते, आणि उतरल्यावर एअरपोर्टला कसं जायचं हे मात्र "बघू की तिथं, टॅक्सी मिळतेच" म्हणून सोडून दिलेलं असतं. आमच्याकडंही तसंच झालं होतं, म्हणून हे सगळं लिहून काढतेय, थोडं मोठं होईल पण पूर्ण वाचा.

माझी मावशी आणि काका, दोघंही सत्तरीच्या आसपास, मुंबईहून जहाजानं गोव्याला आले आणि तिथनं विमानानं बेंगलोरला लेकीकडं जाणार होते. गाडी मीच फोनवरून ठरवली. मेसेजमध्ये लिहिलं, "पोर्ट टू गोवा एअरपोर्ट, दोन माणसं, सकाळी १०". एवढंच. जहाज वेळेत लागलं, पण ड्रायव्हर पोर्टच्या एका गेटला आणि ही दोघं बॅगा घेऊन दुसऱ्या गेटला, तो फोनवर कोकणीत सांगतोय "हांव गेटीर आसां", काका म्हणतात आम्ही पण गेटवरच आहे, यात चाळीस मिनिटं उन्हात गेली. शेवटी गाडीत बसले आणि वीस मिनिटांत ड्रायव्हर म्हणाला उतरा, आलं एअरपोर्ट. ते होतं दाबोळी. आणि तिकीट होतं मोपाचं, म्हणजे गोव्यातल्या दुसऱ्या एअरपोर्टचं, दुपारी २.४० चं. मला फोन आला तेव्हा ११.१० झाले होते, मावशीचा आवाज अजून कानात आहे, "अगं हे आपलं नव्हे म्हणतात गं". मग ज्यादा पैसे ठरवून तसंच पुढं निघाले आणि १.०५ ला मोपाला पोचले, काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं होती. विमान मिळालं. ड्रायव्हरची यात काही चूक नव्हती, मी लिहिलं तेच त्यानं केलं.

तर सगळ्यात पहिलं, गाडीला फोन करायच्या आधी तिकीट उघडून एअरपोर्ट बघा.

गोव्यात दोन एअरपोर्ट आहेत. दाबोळी हा जुना, वास्कोजवळचा, नेव्हीच्या आयएनएस हंसा तळावरचा, त्याचा कोड जीओआय. मोपाचा म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यात, आपल्या सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून, तिथनं ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडायला लागली, त्याचा कोड जीओएक्स. तिकिटावर मोठ्या अक्षरात नुसतं "गोवा" असतं आणि कोड बारीक असतो, सगळा घोळ तिथंच होतो. क्रूझ जिथं लागते ते मुरगाव बंदर वास्कोच्या टोकाला आहे. तिथनं दाबोळी सात-आठ किलोमीटर, अर्धा तास धरा. मोपा मात्र साठ-पासष्ट किलोमीटर, कुठ्ठाळीवरून झुआरीचा नवीन पूल, मग पणजी, मांडवी ओलांडून म्हापसा, पुढं धारगळ आणि मोपा, रस्ता मोकळा असेल तर दीड तास आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत पणजी-पर्वरीला अडकलात तर दोन तासांच्या वर. दोन्हींचं भाडं अर्थातच एक नसतं, म्हणून ड्रायव्हरला बोलताना "गोवा एअरपोर्ट" हा शब्दच वापरू नका, दाबोळी किंवा मोपा असंच म्हणा.

तिसरा पर्याय आपला सांबरा, म्हणजे बेळगावचा एअरपोर्ट. बंदरापासून सांबरा साधारण १४०-१५० किलोमीटर पडतं, मध्ये घाट आहे, त्यावर पुढं वेगळं लिहिते.

वेळ कशी धरायची

इथं बहुतेकांची चूक ही होते की जहाजाच्या तिकिटावर "आगमन ७.००" लिहिलेलं असतं आणि गाडी ७.३० ला सांगितली जाते. सातला जहाज धक्क्याला लागतं, माणसं सातला खाली उतरत नाहीत. दोरखंड बांधणं, परवानग्या, मग जिना लावणं, मग डेकप्रमाणे किंवा बॅगेच्या टॅगच्या रंगाप्रमाणे गट करून लोकांना सोडणं, हजार-दीड हजार माणसं असतात. त्यात जहाज परदेशातून येत असेल, म्हणजे दुबई, कोलंबो, मालदीवकडनं, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स पण आलं. मुंबई-गोवा असेल तर ते नाही, तरी वेळ लागतोच.

माझा हिशोब असा आहे: जहाज लागायची वेळ अधिक तीन तास म्हणजे गाडीत बसायची वेळ. सातला लागलं तर दहाला गाडी. मग दाबोळीला साडेदहा, मोपाला बारा. देशातल्या विमानाचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, पण वयस्कर माणसं, बॅगा, सिक्युरिटी बघता दोन तास हातात हवेत. म्हणजे सातच्या जहाजाला दाबोळीचं विमान साडेबाराच्या आधीचं नको आणि मोपाचं दोनच्या आधीचं नको. तिकीट अजून काढलं नसेल तर ही वेळ बघूनच काढा, हजार-पाचशे स्वस्त मिळतंय म्हणून अकराचं विमान घेऊ नका. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर यात अजून दीड तास घाला.

परदेशातून येणाऱ्या जहाजाला अजून एक बारकी गोष्ट असते, जहाजावरचं घड्याळ. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, मालदीवची अर्धा तास मागं. जहाजवाले मध्ये घड्याळ बदलतात आणि तसं कळवतात पण झोपेत असलेल्या माणसाला ते कळत नाही. ड्रायव्हरला वेळ सांगताना "भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहायचं.

गाडी कुठली, गोव्याची की आपली

दाबोळी किंवा मोपाला जायचं असेल तर गोव्याचीच गाडी ठरवा असं मी स्वच्छ सांगते. गोव्यात बेंगलोर-पुण्यासारखं ओला-उबर चालत नाही. तिथं स्थानिक टॅक्सीवाल्यांचा हक्काचा विषय खूप तापलेला असतो, बाहेरच्या राज्यातल्या टॅक्सीनं पॅसेंजर आणून सोडला तर सहसा कोण बोलत नाही, पण बंदर, स्टेशन, हॉटेलसमोरून पॅसेंजर उचलायला लागली की वाद होतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यात आपण बॅगा घेऊन मध्ये उभं राहायचं कारण नाही. गोवामाइल्स नावाचं अ‍ॅप २०१८ पासून आहे, गोव्याच्या पर्यटन खात्याच्या सहकार्यानं निघालेलं, त्यावर भाडं आधी दिसतं, निदान दर काय चाललाय ते कळायला तरी फोनमध्ये ठेवा. पण बंदरावरून सकाळी ठराविक वेळेला गाडी हवीच असेल तर अ‍ॅपवर त्या क्षणी शोधत बसण्यापेक्षा वास्कोचाच एखादा टॅक्सीवाला आधी ठरवलेला बरा. वास्कोत ओळखीचं कोणीतरी बेळगावकराला असतंच, भाजी-दूध आपल्याकडनंच तिकडं जातं, त्यामुळं दोन फोन केले की नंबर मिळतो.

जहाज कंपनीकडंही ट्रान्सफर मिळतं, त्यात बसपण असते. महाग पडतं पण एक फायदा आहे, जहाज उशिरा आलं तर त्यांना आपोआप माहीत असतं. एकटी बाई किंवा खूप वयस्कर जोडपं असेल आणि ज्यादा पैसे झेपत असतील तर मी तेच घ्या म्हणेन.

सांबऱ्याला किंवा घरी बेळगावला यायचं असेल तर मात्र आपल्याकडची गाडी परवडते. हिशोब बघा. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला कमीत कमी २५० किंवा ३०० किलोमीटरचं भाडं धरतात, चालवा अथवा चालवू नका. बेळगाव ते मुरगाव जाऊन येऊन २८०-२९० होतात, म्हणजे रिकामी गाडी तिकडं गेली तरी तेवढ्याच मिनिममात बसतं. समजा किलोमीटरला १४ रुपये ठरले तर ३०० गुणिले १४ म्हणजे ४२००, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. गोव्याची गाडी घेतली तर तिचं परतीचं रिकामं भाडं आपल्याच माथी येतं. गाडी केए २२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची असेल तर एवढं विचारून घ्या: पिवळी पाटी आहे का, ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का आणि नसेल तर गोव्याचा टॅक्स कोण भरणार. पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी भाड्यानं घेऊ नका, स्वस्त मिळते खरी, पण काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. घरचीच गाडी घेऊन घरातलं कोणी न्यायला गेलं तर प्रश्नच नाही, ते सगळ्यात उत्तम.

गाडीचा आकार ठरवताना माणसं नाही, बॅगा मोजा. क्रूझला लोक दोन-तीन रात्रींसाठी पण मोठ्या बॅगा नेतात. दोन माणसं, दोन मोठ्या बॅगा असतील तर डिझायर चालते, पण डिझायर सीएनजी असेल तर डिकीत सिलेंडर असतो आणि दुसरी बॅग पुढच्या सीटवर येते. अर्टिगात सात सीट म्हणतात पण मागची सीट उघडली की मागं जागा उरते जेमतेम दोन हातातल्या पिशव्यांची, म्हणून चार माणसांच्या वर आणि मोठ्या बॅगा असतील तर एकतर इनोव्हा घ्या नाहीतर वर कॅरियर असलेली. गुडघे दुखणारं माणूस असेल तर विचारून घ्या, मावशीला अर्टिगात मागं चढायला जमत नाही, पुढची सीट तिची.

मेसेज कसा लिहायचा

फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायचं आणि समोरच्याकडनं "ओके" यायलाच पाहिजे. आता मी हा असा पाठवते:

"नमस्कार. १४ डिसेंबर, रविवार. मुरगाव बंदर, क्रूझ टर्मिनलचं गेट ते मोपा एअरपोर्ट (मनोहर, पेडणे), दाबोळी नव्हे. जहाज सकाळी ७ ला लागणार, जहाजाचं नाव अमुक. गाडी ९.४५ ला हजर, भारतीय वेळ. विमान दुपारी २.४०. माणसं २ (दोघं ज्येष्ठ), मोठ्या बॅगा २, छोट्या २. गाडी अर्टिगा, एसी. एकूण भाडं इतके, टोल-पार्किंग धरून. वेटिंग ११ पर्यंत फ्री, पुढं तासाला इतके. जहाज उशिरा आलं किंवा गोव्यात थांबलंच नाही तर अ‍ॅडव्हान्सचं काय ते कळवा. ड्रायव्हरचं नाव, नंबर आणि गाडी नंबर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पाठवा."

यातलं जहाजाचं नाव फालतू वाटेल पण तेच कामाचं आहे, एका सकाळी ड्रायव्हरला दुसरीकडंही भाडं असतं आणि जहाज आलं की नाही हे वास्कोच्या माणसाला चहाच्या टपरीवर सुद्धा कळतं. शेवटचा अ‍ॅडव्हान्सचा मुद्दा लोक लाजून विचारत नाहीत. विचारा. हवामान वाईट असेल तर जहाज बंदर चुकवून पुढं जातं, असं होतं, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही आणि आपलाही नाही, म्हणून आधी बोललेलं बरं. अ‍ॅडव्हान्स हजारभर किंवा भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत ठीक, पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं. यूपीआय करताना समोर येणारं नाव आणि बोलणाऱ्या माणसाचं नाव एक आहे का बघायचं.

आणि गेट. हे मी पुन्हा लिहितेय कारण आमचं तिथंच चुकलं. गाडी जहाजापर्यंत येत नाही. बंदर म्हणजे बसस्टँड नव्हे, आत सीआयएसएफचा पहारा असतो, कोळशा-खनिजाची मालवाहतूक चालते, पास नसलेल्या गाड्या आत जात नाहीत. जहाजावरून टर्मिनल, टर्मिनलमधून ठरलेल्या जागेपर्यंत बस किंवा चालत, आणि मग बाहेर गाडी. बंदराला गेट एकच नसतं. म्हणून आदल्या दिवशी ड्रायव्हरलाच सांगायचं, "तुम्ही उभे राहणार तिथलं लोकेशन पाठवा", आणि पोचल्यावर त्याला उभ्या जागेचा फोटो टाकायला सांगायचा, मागची पाटी, झाड, दुकान काहीतरी दिसेल असा. फोटो बघून काकांसारखा माणूस पण बरोबर पोचतो.

आदल्या रात्री जहाजावर

जहाजावर शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या ते लोक खाली उतरवतात आणि सकाळी टर्मिनलमध्ये रांगेत मिळतात. सोयीचं आहे, पण त्या बॅगेत चार्जर, गोळ्या, आधार कार्ड, चष्मा, विमानाचं तिकीट, सकाळचे कपडे हे गेलं तर सकाळी पंचाईत. हे सगळं हातातल्या पिशवीत. बॅगा आपल्याच आपण ओढू शकत असाल तर स्वतः घेऊन उतरायची सोय असते का विचारा, अशा लोकांना बहुतेक वेळा आधी सोडतात, त्यात तास-पाऊण तास वाचतो. केबिनचं बिल रात्रीच मिटवून टाका, सकाळी काउंटरला रांग लागते. व्हीलचेअर हवी असेल तर जहाजाच्या रिसेप्शनला रात्रीच आणि विमान कंपनीला दोन दिवस आधी सांगून ठेवा, दोन्हीकडं वेगळं सांगावं लागतं.

फोन समुद्रात फ्लाइट मोडवर ठेवा. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोन चुकून त्याला जोडला गेला तर रोमिंगचं बिल डोळे फिरवणारं येतं. सकाळी किनारा दिसायला लागला की आपलं नेटवर्क येतं, तेव्हा मोड काढून ड्रायव्हरला एक मेसेज: "जहाज लागतंय, अजून उतरायला वेळ आहे". बाहेर यायच्या दहा मिनिटं आधी दुसरा. काकांना टाइप करायला जमत नाही म्हणून आता मी त्यांना व्हॉइस मेसेज शिकवलाय. आणि ड्रायव्हरचा नंबर एका कागदावर लिहून पाकिटात पण ठेवायचा, बॅटरी गेली तर शेजारच्याच्या फोनवरून लावता येतो.

सांबऱ्याला यायचं असेल तर

त्याच दिवशीचं सांबऱ्याचं विमान शक्यतो धरू नका, हे माझं ठाम मत आहे. दहाला गाडीत बसलात तरी घाट, जेवण धरून बेळगावात यायला अडीच वाजतात, पुढं शहर ओलांडून बागलकोट रस्त्यानं सांबऱ्याला जायचं, त्यात ट्रॅफिक लागलं तर अजून तास. साडेचार-पाचच्या आधीचं विमान धोक्याचंच. एक रात्र घरी झोपा, सकाळचं विमान धरा. सांबऱ्याहून एक विमान चुकलं तर दुसरं तासाभरात नसतं.

येताना दोन वाटा आहेत. फोंडा-मोले-अनमोड-रामनगर-लोंढा-खानापूर, किंवा पणजीकडनं साखळी-केरी-चोर्ला-कणकुंबी-जांबोटी. कुठली चांगली हे दर सीझनला बदलतं, कुठं काम चालू असतं कुठं पावसानं रस्ता गेलेला असतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला विचारा "अण्णा, आता कुठनं बरं हाय?" तो काल-परवाच जाऊन आलेला असतो, मॅपपेक्षा त्याचं खरं. थंडीत चोर्ल्याला धुकं असतं पण दहानंतर निघालात तर तो प्रश्न येत नाही. दोन-तीन दिवस जहाजावर राहिलेल्या माणसाला घाटात गाडी लागते, पोट आधीच हललेलं असतं, त्यामुळं जहाजावर भरपेट नाश्ता करून लगेच घाटात शिरू नका, आवळासुपारी आणि एक-दोन रिकाम्या पिशव्या हाताशी असू द्या. फोंड्याला एकदा थांबून मोकळं व्हा, पुढं घाटात बायकांची सोय होईल अशी जागा सहज मिळत नाही. दारूच्या बाटल्या घेऊन कर्नाटकात शिरू नका, कणकुंबी आणि अनमोडकडं अबकारीची तपासणी असते, गाडी अडली की विमानाची वेळ त्यांना सांगून काही उपयोग नसतो.

गाडीचं अगदीच फिसकटलं आणि घरीच यायचं असेल तर वास्को स्टेशन बंदरापासून जवळच आहे, तिथनं दुपारी गोवा एक्स्प्रेस सुटते, लोंढामार्गे बेळगावला येते. रिझर्व्हेशन मिळालं तर घाटाचा त्रासही वाचतो.

क्रूझ परत मुंबईलाच उतरणार असेल तर बॅलार्ड पिअरला उतरता. तिथं गाड्यांची अडचण नाही, अ‍ॅपच्या पण मिळतात, पण एअरपोर्टचा घोळ तिथंही आहे, टर्मिनल एक, टर्मिनल दोन, आणि २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबई. नवी मुंबईचं तिकीट असेल तर शिवडीवरून अटल सेतूनं जायचं, टोल कोण देणार ते आधी ठरवा.

गाडीत बसताना

पाटीचा नंबर मेसेजमधल्या नंबरशी जुळवा, मगच बॅगा ठेवा. बसल्यावर ड्रायव्हरकडनं एकदा वदवून घ्या, "मोपाला ना?" त्याच्या तोंडून मोपा हा शब्द ऐकल्याशिवाय दार लावायचं नाही असं मी आता मावशीला सांगितलंय आणि ती तसंच करते. लाइव्ह लोकेशन घरी कोणाला तरी पाठवून ठेवा. एअरपोर्टला पोचल्यावर आधी बॅगा उतरवून मोजा, डिकी आणि मागच्या सीटखाली एकदा हात फिरवा, पाण्याची बाटली आणि काठी नेहमी तिथंच राहते, आणि मग उरलेले पैसे द्या.